फिट आला, फिट आली

आठवीच्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "बाई, फिट हा शब्द पुल्लिंगी का स्त्रीलिंगी?"

मी इंग्रजी शिकवते. इंग्रजीत असल्या शब्दांना लिंग नसतं, एवढं सांगून मला मोकळं होता आलं असतं. तसं सांगितलंही. पण पोरगी चिवट. म्हणाली, "मग आमच्यात फिट आली असं का म्हनत्यात?" वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून खडू शोधायला लागले. खडू माझ्या हातातच होता.

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. मराठीनं इंग्रजीतून पोत्यानं शब्द उचलले आणि घरात घेताना प्रत्येकाला नेमून दिलं: टेबल ते, बस ती, फोन तो. 'फिट'चं मात्र धड ठरलं नाही. "पोरगा फिट आला" म्हणजे भरतीच्या मेडिकलमधून पास होऊन आला. "पोराला फिट आली" म्हणजे तो उभ्याचा आडवा झाला, हातपाय ताठले, तोंडाला फेस आला. दोन्हींत फरक किती, तर एकीकडे काना आणि दुसरीकडे वेलांटी. आमच्या घराचं जे काही व्हायचं ते त्या दोन्हींच्या मधल्या जागेत झालं.

माझं माहेर कडेगावहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. शिवारात ऊस आणि बऱ्याच घरांतलं कुणीतरी फौजेत. माझं सासर आणि शाळा दोन्ही कडेगावात, त्यामुळे लग्न होऊनही मी माहेरच्या उंबऱ्यातच असल्यासारखी. आमचे वडील, अण्णा, हवालदार म्हणून निवृत्त झाले. तोफखान्यात होते, एक कान तिथंच ठेवून आले. इंग्रजीचे जे थोडे शब्द त्यांनी फौजेतून आणले, त्यात 'फिट' सगळ्यात लाडका. चहा जमला की फिट. डब्याचं झाकण बसलं की फिट्ट. गाय व्याली आणि वासरू स्वतःच्या पायावर उभं राहिलं की "फिट हाय गडी." आम्ही लहान असताना ते सकाळी अंगणातून ओरडायचे, "फिट?" आणि आम्ही आतून ओरडायचं, "फिट!" दुसरं उत्तरच नव्हतं. गोवरानं फणफणलेली असतानाही मी अंथरुणातून "फिट" म्हणाले होते, आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला होता.

त्या शब्दाची दुसरी बाजूही आमच्या गावात राहते. एक तात्या आहेत, अण्णांच्याच वयाचे. दोघं तरुणपणी एकाच भरतीला गेले. अण्णा फिट आले. तात्यांचे तळपाय सपाट निघाले, त्यांना परत पाठवलं. आज तात्यांची उसाची बागायत आहे, दुमजली घर आहे, नातवंडं आहेत. तरी गाव त्यांना 'अनफिट तात्या'च म्हणतं. लग्नपत्रिका वाटायला आलेला परगावचा माणूस त्यांच्याच दारात उभा राहून विचारतो, "अनफिट तात्याचं घर कंचं?" आणि तात्या "ह्येच की" म्हणून पत्रिकेसाठी हात पुढे करतात. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! पण हे नाव गावानं ठेवलेलं नाही. अण्णांनी ठेवलं. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा पारावर बसून, चेष्टेत.

माझा भाऊ माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झाला. त्याला पाळण्यातूनच भरतीसाठी वाढवला म्हटलं तरी चालेल. दूध त्याला, साय त्याला आणि पहाटे कालव्याच्या कडेनं पळायलाही तोच. मी मुलगी, माझ्या वाट्याला पुस्तकं आली. त्या वाटणीत फायदा माझाच झाला हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पोरगा स्वभावानं मऊ होता. घरातलं बिघडलेलं काही दिसलं की मांडी घालून बसायचा, शिलाई मशीन असो की उसाला पाणी देणारी मोटर. पाना त्याच्या हातात शोभायचा. दहावीनंतर त्याला आयटीआयला जायचं होतं, फिटरचा कोर्स करायला. मला म्हणाला, "ताई, अण्णांना सांग की. फिटर म्हंजे फिटपेक्षा जास्त फिट." मी सांगितलं. अण्णा हसले. पोराला विनोद बरा जमतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पळायचे नवे बूट घेऊन आले.

साताऱ्याला भरती निघाली. लेखी परीक्षा तो आधीच पास झाला होता. आता पळणं आणि मेडिकल. शेजारचा एक मित्र आणि तो, दोघं मिळून गेले. त्या दिवशी रविवार होता, म्हणून मी माहेरीच होते. अण्णा सकाळपासून फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालत होते. फोन आला तो मित्राचा. अण्णांनी तो चांगल्या कानाला लावला. मला ऐकू येत होतं फक्त अण्णांचं. पलीकडचं मित्रानं मला नंतर सांगितलं.

"अण्णा, मी बोलतोय. आवं, तुमच्या पोराला..."

"पळाला का?"

"पळाला की. फुडच्या गटात आला. पर मागनं त्याला फिट..."

"फिट?"

"व्हय अण्णा. फिट."

मैदानावरचा गलका, हजारभर पोरं, कर्ण्यावरून पुकारलेले नंबर. फोन तुटला. अण्णांनी परत लावला, लागला नाही. लागायची त्यांना गरजही वाटली नाही. माणसाला हवं ते ऐकू यायला एक कान पुरतो.

मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते तुळशीकट्ट्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. आईला म्हणाले, "आगं, पोरगा फिट आला. पांग फिटलं आपलं." मी मराठी घरातली इंग्रजीची बाई, मला तेवढ्यातही मजा वाटली की बघा, आपलं फिटणं आणि त्यांचं फिट, सख्खं तर सोडाच, चुलत नातंसुद्धा नाही, आणि अण्णांच्या एका वाक्यात मांडीला मांडी लावून बसलेत. आपल्याकडे पांग फिटतात, हौस फिटते, डोळ्यांचं पारणं फिटतं. त्या दुपारी आमच्या घरात सगळंच फिटलं.

पेढे आणायला माणूस कडेगावला पळाला. हलगीवाले आले. कुणीतरी गुलाल आणला. संध्याकाळपर्यंत अंगणात निम्मा गाव गोळा झाला, आणि त्यात हातात हार घेऊन अनफिट तात्याही होते. खरं सांगते, मीही पदर खोचून चहाची पातेली उतरवत होते. मीही खूष होते.

दिवस मावळायच्या बेताला माणसं भरून नेणारी वडापची जीप आली आणि दोघं उतरले. मित्रानं भावाच्या काखेत हात घातला होता. शर्टाला पुढून माती. एक गाल खरचटलेला. ओठ सुजलेला. डोळे कुठंतरी भलतीकडेच. हलगी कडाडली तसा तो दचकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे कुणाचं लग्न आहे असं विचारत होता. कुणी त्याच्या डोक्यावर गुलाल टाकला. तात्यांनी हार घातला. अण्णा पुढे झाले आणि दोन बोटांनी पेढा त्याच्या तोंडात ठेवला.

त्याची जीभ चावली गेली होती. ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पेढ्याचा ओठावर आलेला चुरा लाल झालेला मी पाहिला आणि मला वाटलं गुलाल. त्यानं पेढा मुकाट्यानं गिळला. बापानं पेढा दिला आणि पोरानं खाल्ला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रानं अण्णांना ओढत गोठ्याकडे नेलं. मी मागोमाग गेले, कारण मला त्या मित्राचा चेहरा बरा दिसेना. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अण्णा, तुमी आयकलंच न्हाई. फिट आली त्याला. पळून झाल्यावर पडला, लय हातपाय झाडलं. मेडिकल झालंच न्हाई. डाक्टरनं घरी घिऊन जा म्हनलं." अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं परत सांगितलं, ओठ हलवून, बहिऱ्याला सांगतात तसं. "आला न्हाई अण्णा. आली."

बाहेर हलगी चालूच होती. अण्णांच्या हातात पेढ्यांचा डबा होता, निम्मा भरलेला. ते मित्राला एवढंच म्हणाले, "तू काय बोलायचं न्हाई." मग बाहेर गेले आणि उरलेले पेढे वाटले.

आत आईनं त्याला निजवलं आणि त्याच्या मुठीत लोखंडाची किल्ली दिली. आमच्याकडे तेच करतात. कुणी चप्पल हुंगवतात, कुणी कांदा फोडतात. ती सारखी एकच विचारत होती, "कशानं झालं रं ह्ये? कशानं?" तो म्हणाला, "मला काय ठावं न्हाई. मी पळालो, लाइनीच्या पार गेलो. मग एकदम जीप."

त्याच महिन्यात घरी पुन्हा एकदा झालं, जेवता जेवता. मग मी कुणाचं न ऐकता त्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्याला वायरी लावून आलेख काढले, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, गोळी रोज घ्यायची, एकही चुकवायची नाही. चांगला जगेल, काम करेल, संसार करेल. फक्त विस्तव, पाणी आणि उंची यांच्यापासून लांब, आणि गाडी चालवायची नाही. मी आईचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "बाई, पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. आम्ही लिहितो, कारण अज्ञात."

दुसऱ्या दिवशी शाळेत मोकळ्या तासाला मी कपाटातली जाडी डिक्शनरी काढली. का काढली सांगता येत नाही. आईनं किल्ली शोधली, मी डिक्शनरी. 'फिट' एक शब्द नाहीच, एकाच नावाची दोन-तीन वेगवेगळी माणसं आहेत ती. एक फिट म्हणजे योग्य, लायक, धडधाकट. अण्णांचा फिट. त्याच्यापुढे लिहिलं होतं, मूळ अनिश्चित. म्हणजे सगळ्या भरतीच्या मैदानांवर ज्याच्या नावानं पोरं उभी-आडवी केली जातात, त्या शब्दाच्या स्वतःच्याच बापाचा पत्ता नाही! दुसरा फिट म्हणजे झटका. तो जुन्या इंग्रजीतला, त्याचा पहिला अर्थ झुंज, लढाई. मग संकट, मग आजाराचा एकाएकी होणारा हल्ला, आणि असं घसरत घसरत तो हसण्याच्या नाहीतर खोकल्याच्या उबळीपर्यंत आलेला. आणखी एक फिट होता, गाण्याचा एक तुकडा, आपल्या पोवाड्यात चौक असतो तसा. तो आता कुणी वापरत नाही.

मला वाटलं, सापडलं. लढाई! अण्णांना हे सांगितलं तर ते पोराकडे वेगळ्या नजरेनं बघतील. माणूस इतकं शिकून इतका भाबडा राहू शकतो. मी त्याच संध्याकाळी माहेरी गेले. अण्णा गोठ्यात वैरण टाकत होते. मी त्यांच्या चांगल्या कानाशी उभी राहून सगळं सांगितलं, की तुमच्या फिटला मूळच नाही, आणि ह्याला आलेल्या फिटचा अर्थ लढाई आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. वैरण टाकून झाली, हात झटकले.

"पोरी," ते म्हणाले, "डिक्शनरी भरती घेत न्हाई."

गोळी म्हणजे अनफिट. त्यांचा हिशेब साधा होता. आई गोळ्या हरभऱ्याच्या डब्यात लपवून ठेवायची आणि त्याला ताकाबरोबर द्यायची. गावात पोरगा फिट आलेला होता, त्यामुळे पहाटे सगळ्यांना दिसेल असं पळणंही चालूच होतं, कालव्याच्या कडेनं. पाण्यापासून लांब राहा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि रोज पहाटे आई कालव्याच्या दुसऱ्या काठानं शेण गोळा करायच्या निमित्तानं चालत असायची.

लोक विचारत होते, पोराला कॉल कधी येणार? मित्राचं मेडिकल नंतर झालं, तो खरोखर फिट आला आणि ट्रेनिंगला गेला. मग एक दिवस अण्णांनी पारावर सांगून टाकलं, की आमच्यालाबी बोलावणं आलं. मला कळलं ते दुसऱ्या कुणाकडून. मी तणतणत माहेरी गेले तर आतल्या खोलीत बॅग भरणं चाललेलं. विट्याच्या एका लांबच्या नातेवाइकाचं तेलंगणात गलाईचं दुकान आहे. सोन्या-चांदीचा कस काढायचा, भेसळ वेगळी करायची, हा विट्याकडच्या माणसांचा धंदा. हिंदुस्थानात जाल तिथं त्यांचं दुकान. तिथं धाकट्याला पाठवायचं आणि गावाला सांगायचं की ट्रेनिंगला गेला.

"अण्णा, गलाई म्हणजे भट्टी," मी म्हणाले. "त्याला विस्तवाजवळ पाठवताय तुम्ही."

"गल्ल्यावर बसंल. तितं कोन वळखत न्हाई त्याला."

"दुकानदाराला सांगितलंय का?"

"सांगितलं तर घील का कोन?"

मी भावाकडे वळले. वाटलं, हा तरी नाही म्हणेल. तो बॅगेत घडी करून शर्ट ठेवत होता. म्हणाला, "ताई, जाऊ दे मला. हितं रोज उठून फिट राह्यचं, माझ्यानं हुईना झालंय." त्यानं मला शपथ घातली, दुकानदाराला फोन करायचा नाही. मी चिडले, रडले, अण्णांना नको नको ते बोलले. त्या घरात माझ्या बोलण्याची किंमत ताकातल्या पाण्याएवढी. गावानं त्याला एसटी स्टँडवर वाजतगाजत निरोप दिला. एसटीच्या खिडकीतून त्यानं सगळ्यांना सॅल्यूट केला. चांगला केला, अण्णांनीच शिकवलेला.

मग रोज सकाळी फोन. अण्णा अंगणात उभे राहून विचारायचे, "फिट?" आणि तिकडून उत्तर यायचं, "फिट." झालं, एवढंच बोलणं. यात्रेला तो एकदा आला, विट्याच्या सलूनमध्ये केस मिलिटरीसारखे बारीक करून. लोकांनी बंदुकीबद्दल विचारलं. त्यानं काहीतरी सांगितलं. मला एकटीला गाठून म्हणाला, मालक बरा आहे, मुशीत धातू वितळताना बघायला छान वाटतं. मूस म्हणजे भट्टीत ठेवायची मातीची वाटी.  मी विचारलं, "तू भट्टीवर बसतोस?" तो म्हणाला, "समदेच बसत्यात ताई. आन् काळजी करू नगस. लय दिवसांत काय झालेलं न्हाई. गोळ्या सोडल्या मी. आता फिट हाय." बाजूला अण्णा उभे होते. त्यांनी हे बरोबर ऐकलं. त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी त्याच्या बॅगेत कोंबली. त्यानं ती तशीच देव्हाऱ्यात ठेवून दिली आणि गेला. आईला ती दिवा लावताना सापडली.

नंतरचा फोन दुपारी आला. मी योगायोगानं तिथं होते, शाळेला सुट्टी लागली होती. अण्णांनी नंबर पाहिला, आणि सकाळीच बोलणं झालेलं असताना आता कशाला म्हणून क्षणभर थांबले. मग चांगल्या कानाला लावला. पलीकडे दुकानाचा मालक होता. घाबरलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो, मलाही तो ऐकू आला.

"अण्णा, तुमच्या पोराला फिट..."

अण्णांनी फोन कानाशी घट्ट दाबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या रविवारी हाच माणूस ह्याच जागी उभा होता, आणि तेव्हा त्यानं जे विचारायला हवं होतं ते आता विचारलं.

"आला का आली?"

तो भट्टीवर पडला होता, उजव्या हातावर.

तिकडच्या इस्पितळातून त्याला आणून मिरजेला ठेवलं. जीव वाचला. हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून आखडली आहेत, ती उघडत नाहीत. उरलेल्या दोन बोटांत ताकद नाही. डॉक्टरांनी मला ओळखलं. त्यांनी गोळीचं नाव पुन्हा लिहून दिलं.

घरी आणलं तेव्हा गावानं स्वतःच ठरवून टाकलं की ट्रेनिंगमध्ये काहीतरी स्फोट झाला. दुसऱ्या आठवड्यात शाल आणि नारळ घेऊन माणसं अंगणात आली. जखमी जवानाचा सत्कार. भावाच्या खांद्यावर शाल आली. तो खाली मान घालून बसला होता, हात मांडीवर, पांढऱ्या पट्टीत. अण्णा उठले. मला वाटलं, आभार मानणार. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि बहिऱ्या माणसाचा असतो तशा चढ्या आवाजात म्हणाले, "त्याला फिट आली."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ती वेलांटी प्रश्नचिन्हाशिवाय पहिल्यांदा ऐकली.

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "व्हनार! फिट व्हनारच! हवलदाराचं रगत हाय!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी हात वर केला. "न्हाई, फिट आली," ते म्हणाले, "आली..." टाळ्यांत त्यांचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. त्यांना स्वतःलाही तो ऐकू आला की नाही, देव जाणे. मी भावाच्या खांद्यावरची शाल सारखी करत राहिले. ते खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

माणसं पांगली तरी अनफिट तात्या बसून होते. जाताना ते अण्णांच्या चांगल्या कानाशी वाकले. "हवलदार," ते म्हणाले, "मला आयकू आलं." आणि सपाट पावलांनी फटक फटक चालत निघून गेले. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. गाव अजून विचारतं, पोरगा फिट झाला का, ड्युटीवर कधी जाणार.

मी आता डिक्शनरी उघडत नाही. आठवीतल्या त्या पोरीला मी उत्तर दिलं नाही, आणि द्यायचंही नाही. काही शिकवून काही होत नाही, हे बोलून दाखवायला मला पगार मिळत नाही म्हणून मी फळ्यावर लिहीत राहते.

सुट्टीत माहेरी गेले की सकाळी लवकर जाग येते. अंगणातून आता कुणी ओरडत नाही. भाऊ कॉटवर उठून बसतो. शर्टाची बटणं आई लावते. ओट्यावर शिलाई मशीन बंद पडून आहे, तिच्याकडे तो बघत नाही. पाना त्याला धरता येत नाही, आणि पाण्याचा पेला डाव्या हातातून कधीकधी सुटतो. अण्णा घड्याळ बघून आत येतात, फौजी वक्तशीरपणानं. पाकिटातून गोळी काढतात आणि दोन बोटांनी त्याच्या जिभेवर ठेवतात, त्या संध्याकाळी पेढा ठेवला होता तशी. तो गिळतो. मग अण्णा त्याच्याकडे बघतात आणि तो अण्णांकडे बघतो, आणि कुणीच कुणाला काही विचारत नाही.